सोबत वैद्यकीय दाखला जोडला आहे

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बदल्यांचे अर्ज लिहिले. नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत कारकून होतो, आणि बदलीच्या अर्जात माझ्या हाताला यश आहे अशी माझी ख्याती होती. आडगावी बदली झालेला माणूस माझ्याकडे रडत यायचा आणि दोन महिन्यांनी पेढे घेऊन यायचा. याचा मला माज होता. आज लिहायला बसलोय ते त्या माजाबद्दलच. पण सुरुवात करावी लागेल नऊशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका बिशपपासून, कारण तो नसता तर सिस्टरशी माझी ओळख टेबलाच्या पलीकडे गेलीच नसती.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. देवळाली कॅम्पात नन्सची एक शाळा होती. तिथल्या एका शिक्षिकेच्या नेमणुकीला मान्यता हवी होती आणि तो प्रस्ताव आमच्याकडे अडकला होता. त्याच्या चौकशीला तिथल्या एक गोऱ्या सिस्टर यायच्या. साठी ओलांडलेली, करडी सुती साडी, पायात रबरी चप्पल, खांद्याला शबनम. जन्म आयर्लंडचा, पण विशीत इकडे आलेल्या. पेठ तालुक्याच्या बाजूला मिशनच्या दवाखान्यात त्यांनी पंधरा वर्षं काढली होती आणि मराठी तिथल्या आदिवासी बायकांकडून उचलली होती. त्यामुळं तोंड उघडलं की गोऱ्या चेहऱ्यातून डोंगरातली बाई बोलायची.

"भाऊ, आमची फाईल कुठवर आली?" त्या विचारायच्या.

मी मान वर न करता म्हणायचो, "वर पाठवलीय."

आमचं निम्मं कार्यालय या दोन शब्दांवर चालायचं. फाईल खरंच साहेबांकडे गेलेली असो की माझ्याच कपाटात पडलेली असो, समोरच्याला परतवायचं तर हेच म्हणायचं. बाकीचे लोक यावर तोंड वाकडं करत, हुज्जत घालत, आमदाराची ओळख सांगत. सिस्टर फक्त मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "बरं. मी परत येते." आणि खरंच परत यायच्या. त्यांच्या त्या शांतपणाचा मला सुरुवातीला रागच यायचा. भांडणाऱ्या माणसाला हाकलता येतं, या बाईला काय करणार?

आठव्या की नवव्या खेपेला साहेब रजेवर होते. सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या आणि पिशवीतून कागदांचा एक जाड गठ्ठा काढून त्यात पेन्सिलीनं खुणा करत राहिल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला राहवलं नाही. मी जाऊन विचारलं, काय लिहिताय? त्यांच्या गावच्या, डब्लिनच्या, एका जुन्या बिशपवर पुस्तक लिहीत होत्या. मी उगाच विचारलं, तुमच्या ओळखीचे होते का ते.

"नऊशे वर्षं झाली त्याला मरून," त्या म्हणाल्या. "पण ओळख हाय."

ती फाईल माझ्याच कपाटात होती. दोन कागद कमी होते, ते कुठले हे मी पहिल्या दिवशीच सांगू शकलो असतो. त्या दुपारी सांगितलं. पंधरा दिवसांत मान्यता निघाली. सिस्टरनी माझ्यासाठी कॅम्पातल्या बेकरीची खारी आणली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की या भाऊंनी काम केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या शरमेतूनच मी म्हणून बसलो की तुमचं पुस्तक मी टाइप करून देतो. माझं इंग्रजी टायपिंग चाळीसचं होतं आणि घरी एक जुना पोर्टेबल टाइपरायटर धूळ खात पडला होता.

म्हणून मग रविवारी दुपारी मी सातपूरहून निघायचो, सीबीएसला बस बदलायचो आणि मांडीवर टाइपरायटर घेऊन कॅम्पात उतरायचो. दोनतीन महिन्यांनी ते धूड तिथंच ठेवायला लागलो. कॉन्व्हेंटच्या पाहुण्यांच्या खोलीत एक लांब टेबल होतं. एका टोकाला सिस्टर, दुसऱ्या टोकाला मी. लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थडथडायच्या, पण सिस्टर आपलं वाक्य पुरं केल्याशिवाय थांबायच्या नाहीत. त्या सांगणार आणि मी बडवणार. असं सहा वर्षं चाललं. बायको म्हणायची, जन्मदात्या आईच्या श्राद्धाला तुम्हाला सुट्टी मिळत नाही आणि मेलेल्या पाद्र्यासाठी दर रविवारी मिळते.

आता बिशपचं सांगतो. इतिहासाशी माझा संबंध शाळेनंतर तुटला होता, पण एखादा माणूस दर रविवारी भेटला की तो घरचा होतोच. डब्लिन हे मुळात आयरिश लोकांनी वसवलेलं गावच नव्हे. उत्तरेच्या समुद्रातून नावा घेऊन लुटारू आले, नदीच्या तोंडाशी तळ टाकून बसले, लुटीचा माल विकता विकता बाजार भरवायला लागले, आयरिश बायका केल्या, पुढं बाप्तिस्मे घेतले. त्यांच्या एका राजानं शेवटी चर्चही बांधलं. तरी आजूबाजूचे आयरिश लोक दोनशे वर्षांनंतरही त्यांना परकेच म्हणत. हे सांगताना सिस्टर हसायच्या. त्यांना नाशिक जिल्ह्यात चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि कॅम्पातला भाजीवाला अजून त्यांना 'फॉरेनच्या मॅडम' म्हणून दोन रुपये जास्त लावायचा.

या गावाला बिशप हवा होता. पहिला वारल्यावर गावानं दुसरा निवडला. हाच तो सिस्टरचा बिशप. जन्मानं आयरिश, पण इंग्लंडातल्या मठात वाढलेला. गावानं ठरवलं खरं, पण शेजारच्या आयरिश बिशपांशी त्यांचं पटत नव्हतं, म्हणून त्याला समुद्रापलीकडे इंग्लंडात कँटरबरीच्या आर्चबिशपकडे पाठवलं, आणि सोबत पत्र दिलं की आमच्या या माणसाला तुम्ही बिशप करा. त्या पत्राचा मजकूर टाइप करताना मी खुर्चीतच उडालो. म्हटलं, सिस्टर, हा तर अर्ज आहे. मायना, उमेदवाराची लायकी, गावाची निकड, शेवटी नम्र विनंती. सगळं आमच्यासारखंच. फक्त जावक क्रमांक नव्हता.

सिस्टरना ते फार आवडलं. पुढं त्या मुद्दाम विचारायच्या, भाऊ, हा कागद तुमच्या भाषेत काय? मी सांगायचो, हा प्रस्ताव, हे स्मरणपत्र, हा शेरा. एकदाच आमचं जुळलं नाही. बिशपपद देण्याआधी आर्चबिशपनं त्याच्याकडून एक कागद घेतला होता. मी तुमची आणि तुमच्यामागून येणाऱ्यांची आज्ञा पाळीन, असा. तो त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. मी म्हटलं, हे हमीपत्र.

"नाय," सिस्टर म्हणाल्या. "हमीपत्राला मुदत असते. याला नाय. मीबी असाच कागद वाचलाय, एकवीस वर्षांची होते."

मी ते ऐकून पुढची ओळ टाइप केली. तेव्हा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

या बिशपचा शेवट दोन ओळींचा होता. दहा वर्षं गावाचा बिशप राहिला आणि समुद्र ओलांडताना बरोबरच्या माणसांसकट बुडाला. तो कशासाठी निघाला होता, नाव कुठल्या बाजूला चालली होती, हे सिस्टरना त्यांच्याजवळच्या पुस्तकांत कुठं सापडत नव्हतं. सगळ्या पुस्तकाचं घोडं तिथंच अडलं होतं. त्याच्याबद्दल लिहिणारे म्हणत की तो मनानं इंग्लंडच्या मठातलाच राहिला, गावाचा झालाच नाही. सिस्टरचं म्हणणं उलट होतं. शपथ तिकडची घेतली तरी माणूस जिथं रोजचं काम करतो तिथलाच होतो. त्यांना शेवटच्या पानावर लिहायचं होतं की तो घरी परतत होता. पण पुराव्याशिवाय लिहिणार कसं? म्हणून त्या परदेशात पत्रं पाठवायच्या, उत्तरांची वाट बघायच्या, आणि मला सांगायच्या, शेवटचं पान कोरं ठेवा. मी म्हणायचो, लिहून टाका हो, कोण तपासायला बसलंय? त्या माझ्याकडे असं बघायच्या की मी गप्प बसायचो.

दोन हजार साल उलटलं आणि मला काहीतरी खटकायला लागलं. सिस्टरनी एका रविवारी तिसऱ्या प्रकरणाची चार पानं टाइप करायला दिली. ती आदल्या रविवारी करून झाली होती. मला वाटलं, दुरुस्त्या असतील. पुढच्या रविवारी पुन्हा तीच. मी काही न बोलता पुन्हा केली. मग एके दिवशी त्या कॅम्पातल्या बाजारात उभ्या राहून विचार करत असलेल्या दिसल्या. हातात पिशवी आणि चेहऱ्यावर असं की आपण काय घ्यायला आलो ते आठवत नाही. मी बसमधून उतरत होतो. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि म्हणाल्या, "भाऊ, फाईल झाली का?" शिक्षिकेची ती फाईल सहा वर्षांपूर्वी झाली होती. मी म्हटलं, झाली. त्या खूश झाल्या आणि माझ्याबरोबर चालायला लागल्या.

कॉन्व्हेंटमध्ये मी हे कुणाला सांगितलं नाही. तिथल्या सुपीरिअर, म्हणजे प्रमुख सिस्टर, मंगळूरकडच्या होत्या आणि हुशार होत्या. त्यांच्याही लक्षात आलंच असणार. पण आम्ही सगळेच एकमेकांपासून लपवत होतो. कॅम्पातल्या रस्त्यांवर सिस्टरचे पाय आपोआप वळायचे. बेकरीवाला त्यांना काय हवं ते न विचारता बांधून द्यायचा. चर्चमधला बाक ठरलेला होता. डोक्यातलं गेलं तरी गाव त्यांना सांभाळून घेत होतं. अशी आणखी दहा वर्षं सहज निघाली असती, असं मला अजून वाटतं.

मग डब्लिनहून, त्यांच्या संस्थेच्या मुख्य घरून, पत्र आलं. परदेशात असलेल्या सगळ्या म्हाताऱ्या सिस्टर्सना विचारलं होतं, की इकडे परत यायचं आहे का? इकडे म्हातारपणाची नीट सोय केली आहे. ज्यांना आहे तिथंच राहायचं असेल त्यांनी तसं कळवावं. सिस्टरनी ते पत्र मला दाखवलं आणि सोबत आपलं उत्तरही. एका कागदावर निळ्या शाईनं एकच ओळ होती. इंग्रजीत. मला इथंच राहायचं आहे. खाली सही.

मी हसलो. खरं सांगतो, हसलो. एका ओळीच्या अर्जावर जगात कोण मंजुरी देतं? मी म्हटलं, सिस्टर, अशानं बदली टळत नसते. हे माझ्यावर सोडा. सबळ कारण लागतं, कागद लागतात, वैद्यकीय आधार तर लागतोच लागतो. त्या म्हणाल्या की त्यांनी नुसतं विचारलंय, मी नुसतं सांगितलंय. पण त्यांचा माझ्यावर भरवसा होता. या भाऊंनी फाईल काढली होती ना, मग याही कामात भाऊंना कळतं. त्यांनी ती एका ओळीची चिठ्ठी माझ्या हातात दिली. ती मी खिशात घातली आणि कामाला लागलो.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला अर्ज होता. चार पानं, नऊ मुद्दे. वय, दीर्घ सेवा, हवामान, अपुरं राहिलेलं पुस्तक. आणि सहावा मुद्दा हुकमाचा, वैद्यकीय. आमच्याकडे सरळ हिशेब असतो. माणूस आजारी आहे असं सिद्ध केलं की त्याला हलवता येत नाही. दुखणं जितकं मोठं तितकी बदली अवघड. म्हणून मी सिस्टरना माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. बदलीच्या दाखल्यांसाठी आमचे लोक त्यांच्याकडेच जायचे. डॉक्टरांनी त्यांना आजचा वार विचारला. सिस्टरनी रविवार सांगितला, मी बरोबर आहे म्हणजे रविवारच असणार म्हणून. त्या दिवशी गुरुवार होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जरा जोरदार लिहा. त्यांनी लिहिलं. स्मृती झपाट्यानं जात आहे, एकटं सोडणं धोक्याचं, सतत देखरेख लागेल, जागा बदलल्यास प्रकृतीवर गंभीर परिणाम. ते शेवटचं कलम मी सांगून घालून घेतलं होतं. माझ्या मते सगळा जीव त्यातच होता.

घरी बायकोला वाचून दाखवलं. तिनं भाजी निवडता निवडता ऐकलं. म्हणाली, "ज्यांना ती हवी असेल ते हे वाचून तिला तिथं ठेवतील का? हात दाखवून अवलक्षण होईल हे." मी म्हटलं, तुला ऑफिसातलं काय कळतं. तिनं परत विषय काढला नाही.

सुपीरिअरनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, हे सगळं खरं आहे? मी म्हटलं, खरंच आहे, थोडं वाढवून लिहावं लागतं. मग सही करून त्यांनी तो पाठवला. सिस्टरनी आधीच शेवटच्या पानावर सही केली होती, मी दाखवलेल्या जागी. काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंही नव्हतं. शेवटची ओळ माझी नेहमीचीच होती. सोबत वैद्यकीय दाखला जोडला आहे.

उत्तर तीन आठवड्यांत आलं. इतक्या वेगानं आमच्याकडे पोचपावतीसुद्धा येत नाही. आणि इतकं प्रेमळ पत्र मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. इतक्या बारकाईनं कळवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. आमच्या बहिणीची अवस्था अशी आहे याची आम्हाला कल्पनाच नव्हती, असं लिहिलं होतं. अशा आजाराचं शिक्षण घेतलेल्या नर्स तिथं होत्या, बागेकडची खोली तयार होती, महिनाअखेरीला एक सिस्टर स्वतः त्यांना न्यायला येणार होती. मी ते पत्र उभ्यानं वाचलं. सहावा मुद्दा त्यांनी शब्द न् शब्द मानला होता. फक्त त्यातून निघालेला निर्णय माझ्या उलटा होता. त्यांच्या जगात आजारी माणसाला हलवत नाहीत असं नव्हतं. आजारी माणसाला घरी नेतात असं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण माझा बैल रिकामा राहिला नव्हता, त्यानं दुसऱ्याचं शेत तुडवलं होतं.

मी धावपळ केली. तीच तर मला येत होती. दुसरं पत्र लिहिलं की पहिला अर्ज मागे घेत आहोत. डॉक्टरांकडे गेलो आणि म्हटलं, सुधारणा झाल्याचा दाखला द्या. ते म्हणाले, वाढवून लिहिलेलं कमी करता येतं हो, पण मी त्यात वाढवलेलं फारसं काही नव्हतंच. सुपीरिअरनी माझं दुसरं पत्र पाठवलं नाही. त्यांनी मला शांतपणे समजावलं की अर्ज मागं घेता येतो, माहिती मागं घेता येत नाही. एकदा डब्लिनला कळलं, आता तिथल्या सिस्टर्स कशा सोडतील? आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. दक्षिणेतल्या दुसऱ्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरच्याच वयाच्या एक आयरिश सिस्टर होत्या. गुडघ्यांनी अधू, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. त्यांनी एका ओळीत कळवलं होतं की मला इथंच राहायचंय. त्यांना राहू दिलं होतं.

माझ्या शर्टाच्या खिशात ती ओळ अजून होती.

शेवटचा उपाय म्हणून मी सिस्टरकडे गेलो. डोकं त्या दिवशी त्यांचं साफ होतं. पाहुण्यांच्या खोलीत नेहमीच्या टोकाला बसल्या होत्या. मी सगळं कबूल केलं. माझ्यामुळं झालं, मी जास्त लिहिलं. म्हटलं, तुम्ही नाही म्हणा. उठणार नाही म्हणा. जबरदस्तीनं कोण नेणार आहे? पेठचे लोक येऊन दारात बसतील, मी आणतो त्यांना. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "विचारलं होतं तवा सांगायचं होतं. आता त्यांनी ये म्हणून सांगितलंय. आता नाय म्हणता येत नाय."

मी म्हटलं, तो एक कागद होता, तुम्ही एकवीस वर्षांच्या होतात.

"बिशपला नाव दिसत होती ना," त्या म्हणाल्या. "लाटाबी दिसत असतील. तरी बसलाच की."

मग माझ्या हातावर थोपटून त्यांनी मला चहा घ्यायला लावला. माझ्यावर त्या एकदाही चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर माझं ओझं थोडं तरी उतरलं असतं.

न्यायला आलेली सिस्टर तरुण, गोड, नम्र होती. तिच्यावर राग धरायलाही जागा नव्हती. निघायच्या सकाळी कॉन्व्हेंटच्या दारात बेकरीवाला आला होता, भाजीवाला आला होता, शाळेतल्या जुन्या बायका आल्या होत्या. पेठकडून दोन म्हाताऱ्या पहाटेची एसटी धरून आल्या होत्या, नागलीचे पापड घेऊन. त्यांना फक्त एवढं कळलं होतं की दवाखान्याच्या बाई माहेरी चालल्या. त्या सिस्टरच्या पाठीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा विचारत होत्या की कधी येशील. सिस्टर गोंधळल्या होत्या. इतके लोक कशाला जमलेत हे त्यांना कळत नव्हतं. गाडीत बसताना त्यांनी मला हाक मारली आणि टाइप केलेला सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला. शेवटचं पान कोरंच होतं. पुढच्या रविवारी बघू म्हणाल्या. मी म्हटलं, बघू.

गाडी वळल्यावर मी टाइपरायटर उचलला आणि बसनं घरी आलो. बायकोनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणून दिलं. तिनं काही म्हणून दाखवलं नाही. तिच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं.

त्यानंतर मी बदलीचे अर्ज लिहिणं सोडलं. लोकांना वाटलं, भाव खातोय. नाताळला डब्लिनहून एक कार्ड यायचं, ती तरुण सिस्टर लिहायची. प्रकृती ठीक, भूक चांगली. त्यातून काही कळायचं नाही. सिस्टरचं तिथं रक्ताचं कुणी उरलं नव्हतं हे मला माहीत होतं. भाऊ वारला होता, घर विकलं गेलं होतं. घरी नेलं म्हणजे कुठं नेलं, हे मला अर्जात विचारायला हवं होतं.

दोनेक वर्षांनी एका दुपारी कार्यालयात फोन आला. माझ्या टेबलासमोर गर्दी होती. फोनवर एक परदेशी मुलगी होती, तिथली नर्स. सिस्टरच्या प्रार्थनेच्या पुस्तकात हा नंबर लिहिलेला सापडला होता, 'भाऊ, ऑफिस' असा. ती माफी मागून हळूहळू इंग्रजीत सांगत होती. गेले काही महिने सिस्टर इंग्रजी बोलतच नाहीत. दुसरंच काहीतरी बोलतात, ते इथं कुणालाच समजत नाही. रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून दाराजवळच्या बाकावर जाऊन बसतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला एकच काहीतरी विचारतात. त्रास देत नाहीत. पण काय विचारतात ते कळलं तर आम्हाला उत्तर देता येईल. मी फोन त्यांच्या कानाला लावते, तुम्ही ऐकाल का?

खरखर झाली. मग अगदी जवळून, स्वच्छ, तोच आवाज आला.

"भाऊ, आमची फाईल कुठवर आली?"

समोर लोक उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. फाईल कधीच निकाली निघाली सिस्टर, मीच काढली, तुमच्या विरुद्ध. किंवा म्हणता आलं असतं की या, रविवार आहे, मी वाट बघतोय. यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"वर पाठवलीय, सिस्टर," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "बरं. मी परत येते."

फोन पुन्हा त्या मुलीकडे गेला. तिनं विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, त्या एका कागदाची वाट बघताहेत. तो आला का असं विचारतात. तिनं विचारलं, येणार आहे का तो? मी नाही म्हटलं. ती म्हणाली की त्या उद्या पुन्हा विचारतील, रोजच विचारतात, मग आम्ही काय सांगायचं? तुम्ही सांगितल्यावर त्या शांत झाल्या, तुम्ही काय म्हणालात ते मला शिकवाल का?

मी ते दोन शब्द तिला सावकाश, तोडून तोडून सांगितले. तिनं ते तीनचार वेळा म्हणून पाहिले आणि लिहून घेतले. उच्चार बरा होता तिचा.